केळीच्या रोपात हरण्या आहे का, हे कागदी पट्टीवर बांधावरच कळेल का?

तापीकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यातला आहे, तीन एकर ग्रँड नैन केळी. लागवड ५ बाय ५ फुटांवर, म्हणजे साधारण ५,२०० रोपं लागतात. मागच्या मृगबागेत जुलैच्या झडीत हरण्या, म्हणजे केळीचा विषाणूचा रोग, शिरला. आधी दोन-चार झाडं दिसली, मग ओळीच्या ओळी. पानावर पिवळे पट्टे, पोंगा सडलेला. शेवटी ७०० च्या वर झाडं कंदासकट उपटून गाडली. रोपवाटिकावाला म्हणतो, रोपं चोख होती, तुमच्या शेजाऱ्याच्या काकडीवरून आलं. शेजारी म्हणतो, माझ्या काकडीचं पानसुद्धा वाकडं नाही. आम्ही दोघं आता एकमेकांशी बोलत नाही, ते वेगळंच.

यंदा दुसरीकडे रोपं बुक केली आहेत. वीस-पंचवीस दिवसांत गाडी येईल. पुतण्याने मोबाइलवर दाखवलं की कागदाची पट्टी निघाली आहे, पानाच्या रसात बुडवायची, विषाणूचं जनुक असेल तर लाल रेघ उमटते. कोविडच्या किटसारखीच दिसते. अशी पट्टी खरंच चालते का? गाडी उतरवण्याआधी ३० रोपं तपासली तर पुरे का? आणि रेघ आली नाही तर बिनघोर लावू का?

वऱ्हाडी_कापूस

भाऊ, बिनधास्त मागव. आम्ही कापसात बीटी आहे का नाही ते पट्टीवर कधीपासून बघतो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनेच तसं किट काढलं होतं. पान चुरगाळायचं, थेंबभर पाणी, पट्टी बुडव, चहा होईपर्यंत निकाल. आणि कोविडात ती फेलुदा चाचणी आली होती ना, तीही कागदावरच जनुक पकडायची. केळीला काय वेगळं?

शाईचा_डाग

वऱ्हाडी भाऊ, जरा थांबा. दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत गेल्या आहेत.

आधी माझी ओळख, म्हणजे हे कुठून बोलते ते कळेल. आता भुसावळला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. त्याआधी साडेतीन वर्षं एका प्रयोगशाळेत वनस्पतींच्या विषाणूंसाठी अशाच पट्ट्या जुळवत होते. जमल्या त्यापेक्षा फसल्या जास्त, त्यामुळे फसण्याबद्दल अधिकाराने बोलू शकते.

बीटीची पट्टी जनुक पकडत नाही. त्या जनुकाने पानात तयार केलेलं प्रथिन पकडते, प्रतिपिंडाच्या साहाय्याने. प्रथिन पानात भरपूर असतं म्हणून रस काढला की लगेच रेघ येते. हरण्याच्या विषाणूसाठीसुद्धा, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरससाठी, अशी प्रथिनाची पट्टी बाजारात मिळते. विषाणूच्या बाहेरच्या कवचाला ती चिकटते. ज्या पानावर पिवळे पट्टे आलेत त्यावर ती छान चालते. पण तापीकाठ भाऊंना पट्टे नसलेल्या रोपात विषाणू शोधायचा आहे. तिथे तो इतका थोडा असू शकतो की या पट्टीला पत्ताही लागत नाही.

जनुक पकडणाऱ्या पट्टीचं वेगळं आहे. पानात विषाणूच्या आरएनएच्या मूठभर प्रती असतील, तर त्या थेट कागदावर कधीच दिसणार नाहीत. आधी त्यांचं पीक घ्यावं लागतं, मूठभराच्या अब्जावधी कराव्या लागतात. पीसीआर यंत्र हेच करतं, तापमान वर-खाली करून. फेलुदातसुद्धा आधी पीसीआरचं यंत्र लागायचंच, कागद शेवटी यायचा. बातम्यांत फक्त कागदाचा फोटो आला, म्हणून सगळ्यांना वाटलं की नाकातली काडी थेट कागदावर.

यंत्राशिवाय पीक घ्यायच्या दोन रीती आहेत. एक जपानची, २००० साली आलेली, लॅम्प म्हणतात. तिला ६० ते ६५ अंश लागतात. दुसरी केंब्रिजची, २००६ ची, आरपीए. ती ३७ ते ४२ अंशांवर वीसेक मिनिटांत काम उरकते. अमेरिकेत एका गटाने नळ्या काखेत धरून अंगाच्या उबेवर ती चालवून दाखवली होती. आपल्याकडे तर मे महिन्यात भुसावळची ओसरीच पुरते! फक्त किट गाडीच्या डॅशबोर्डवर विसरू नका, तिथल्या उन्हात विकरं, म्हणजे पीक वाढवणारी एन्झाइमं, मरतात. आपला विषाणू आरएनएचा आहे, म्हणून त्याचा आधी डीएनए करून घ्यावा लागतो. त्याचं विकर त्याच नळीत घालतात, वेगळी खटपट नाही.

आता कागद. आरपीएत प्रत तयार होताना तिच्या एका टोकाला एक खूण लागते, दुसऱ्या टोकाला दुसरी. पट्टीवर सोन्याचे अतिसूक्ष्म कण वाळवून ठेवलेले असतात, ते पहिली खूण धरतात. पुढे नायट्रोसेल्युलोजच्या पडद्यावर टी रेघेत दुसरी खूण धरणारा रेणू बसवलेला असतो. दोन्ही खुणा एकाच तुकड्यावर असतील तरच सोनं त्या रेघेत अडकतं आणि रेघ लालसर होते. सोनं इतकं बारीक झालं की पिवळं राहत नाही, लाल दिसतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी घरी फोन करून आईला सांगितलं होतं. ती म्हणाली, मग ते वितळवून काही येतं का.

उरलेले सोन्याचे कण पुढे सी रेघेत धरले जातात. इथेच सगळे फसतात, म्हणून नीट वाचा. सी रेघ उमटली की लोक म्हणतात “टेस्ट बरोबर झाली”. नाही. सी रेघ एवढंच सांगते की पाणी वर चढलं आणि सोनं शाबूत आहे. नळीत पीक आलं का, पानातून आरएनए निघाला का, विकर जिवंत होतं का, यातलं एकही तिला माहीत नसतं. नळीत नुसतं पाणी घाला, सी रेघ दिमाखात येते. म्हणून प्रत्येक पानासाठी दुसऱ्या नळीत केळीचंच एखादं नेहमीचं जनुक शोधायचं. ते सापडलं आणि विषाणू सापडला नाही, तरच “नाही” म्हणायचं. दोन्ही नाही आले तर त्या पानाबद्दल आपल्याला काहीच कळलेलं नाही.

केळीत हे दोन्ही न येणं नेहमीचं आहे. कारण चीक. खलबत्त्यात पान वाटलं की पाच मिनिटांत रस तपकिरी होतो, तुमच्या कपड्यांवरचे डाग आठवा. माझं इथलं नाव त्यावरूनच, माझ्या पांढऱ्या कोटाला सगळे शाईचा डाग म्हणायचे आणि तो असायचा केळीचा. चिकातले घटक विकरांना बसू देत नाहीत. महागडे गाळण-संच वापरून रस साफ करता येतो, पण मग बांधावरची चाचणी कसली?

इथे मात्र कागदाने मला खरंच वाचवलं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठातल्या गटाने २०१७ साली दाखवलं की साध्या व्हॉटमन १ नंबरच्या गाळणकागदाला डीएनए-आरएनए काही क्षणांत चिकटतात. कागदाची बारीक काडी, तिचा वरचा भाग मेणात बुडवलेला, म्हणजे तिथून पाणी चढत नाही आणि धरायला मूठ होते. रसात बुडवा, धुण्याच्या पाण्यात बुडवा, नळीत बुडवा. अर्ध्या मिनिटात काम. चीक धुण्याच्या पाण्यात राहतो, आरएनए कागदावर. मी देव्हाऱ्यातल्या मेणबत्तीचं मेण वापरून शेकडो काड्या केल्या. आमच्या खोलीतल्या लाखभराच्या संचापेक्षा केळीवर ती काडी भरवशाची निघाली, हे मी सरांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

आता माझी फजिती. एका पावसाळ्यात आमच्या सगळ्या पट्ट्या “आहे” म्हणायला लागल्या. आजारी पान, आहे. निरोगी पान, आहे. नुसतं पाणी, आहे. तीन आठवडे रसायनं बदलली, पाणी बदललं, एका मुलीवर उगाच संशय घेतला. दोष माझा होता. मी ज्या टेबलावर पानं वाटत होते त्याच टेबलावर पीक आलेल्या नळ्या उघडून त्यात पट्ट्या बुडवत होते. झाकण टक्कन उघडलं की न दिसणारा तुषार उडतो, आणि त्या तुषारात हजारो प्रती. त्या टेबलावर, पिपेटवर, माझ्या बाहीवर बसल्या. उद्याच्या नळीला एवढं बियाणं पुरतं. शेवटी ती खोली ब्लीचने पुसली, पिपेट बदलले, वाटायची आणि उघडायची जागा वेगळ्या इमारतीत नेली. ज्या चाचणीचा गुण म्हणजे चार प्रतीसुद्धा सापडतात, तिचा अवगुणही तोच. आता काही किटमध्ये नळी बंद डबीतच फुटते आणि पट्टी आतच भिजते. घ्यायचंच तर तसंच किट घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी.

३० रोपांचं उद्या लिहिते, वह्या तपासायच्या आहेत.

केळीवाला_६२

एवढं पुराण कशाला? आम्ही चाळीस वर्षं डोळ्यांनी ओळखतो हरण्या. पट्टा दिसला की उपट.

शाईचा_डाग

काका, बागेत तुमचा डोळाच खरा, आणि फुकट. ढगाळ, गार हवेत पट्टे स्पष्ट दिसतात, तेव्हा कुठल्याही किटची गरज नाही. पण गाडी येते मे-जूनच्या उन्हात, आणि कडक उन्हाळ्यात हे पट्टे दबलेले असतात. रोप हिरवंगार दिसतं. भाऊंचा प्रश्न तेवढ्या दिवसांपुरता आहे.

वसईची_वाडी

विषयांतर करतो. आमच्याकडे सफेद वेलची केळी आहे. केळीच्या दुसऱ्या एका विषाणूची, स्ट्रीकची, जनुक चाचणी केली तर कायम “आहे” येते, झाड मात्र ठणठणीत. हेही टेबलाचंच प्रकरण का?

शाईचा_डाग

नाही, हे झाडाचंच प्रकरण आहे, आणि फार मजेचं. स्ट्रीकचा विषाणू डीएनएचा. आणि आपल्या केळीच्या मूळ रानकुळी दोन, ए आणि बी. त्याचे तुकडे फार पूर्वी रानकेळीच्या बी कुळीच्या गुणसूत्रांतच शिरून बसलेत. वेलचीत एक वाटा ए कुळीचा आणि एक बीचा, त्यामुळे झाडाच्या स्वतःच्या डीएनएत ते शब्द सापडतात. चाचणी खोटं बोलत नाही, तुमचा प्रश्न चुकलाय. आधी विषाणूचे अखंड कण प्रतिपिंडाने धरायचे, झाडाचा डीएनए धुऊन टाकायचा, मग जनुक शोधायचं. तापीकाठ भाऊ, तुमची ग्रँड नैन पूर्ण ए कुळीची आणि हरण्याचा विषाणू आरएनएचा, तुम्हाला ही अडचण नाही.

तापीकाठ

ताई, एवढं लिहिलंत, आभार. सी रेघेचं वाचून कोविडातल्या आमच्या घरातल्या पट्ट्या आठवल्या. ३० रोपांचं राहिलं. आणि एक सांगा, रोपवाटिकावाला प्रमाणपत्र दाखवतो, “व्हायरस इंडेक्स्ड”, म्हणजे विषाणूसाठी तपासलेली रोपं, म्हणून. ते असल्यावर मी हे करायचं तरी का?

शाईचा_डाग

३० चा हिशेब कागदावर करू. समजा १०० त एक रोप आजारी आहे. म्हणजे तुमच्या ५,२०० त ५२, शेत बसवायला पुष्कळ. गाडीतून डोळे मिटून ३० उचललीत, तर त्यात एकही आजारी नसण्याची शक्यता ७४ टक्के. म्हणजे चारपैकी तीनदा पट्टी म्हणणार “नाही”, तुम्ही नारळ फोडणार आणि लावणार. तीच शक्यता ५ टक्क्यांवर आणायची तर ३०० रोपं घ्यावी लागतात.

३०० पट्ट्या कोणाला परवडतील? म्हणून गठ्ठा करायचा. दहा रोपांच्या पानाचा नखाएवढा तुकडा एकत्र वाटायचा, ३०० रोपांचे ३० गठ्ठे. प्रथिनाच्या पट्टीवर हे धोक्याचं, दहापट पातळ झालं की तिची रेघ विझते. जनुकाच्या चाचणीला दहापट म्हणजे तीन-चार दुपटी, पीक थोडं उशिरा येतं इतकंच. खरं सांगायचं तर जनुकाच्या चाचणीचा शेतकऱ्याला सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे, आणि जाहिरातीत तो कोणी सांगत नाही.

आणि हे सगळं बांधावर करूच नका. ३० गठ्ठे, प्रत्येकाच्या दोन नळ्या, शिवाय पाण्याची एक आणि नक्की आजारी पानाची एक. वाऱ्यावर, घामाच्या हातांनी ते तुम्हाला जमणार नाही, मलाही जमलं नसतं. पान जपून ठेवायचा एक जाड कागद मिळतो, एफटीए कार्ड. त्यावर पान ठेवून दाबायचं, रसाचा हिरवा ठसा उठतो, सावलीत वाळवायचा. कागदातली रसायनं पेशी फोडतात आणि आरएनए कागदात जपून ठेवतात. पाकिटात घालून केळीचे विषाणू तपासणाऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा, ठसे चालतात का हे आधी फोनवर विचारून. वीस दिवस आहेत तुमच्याकडे. बांधावरची पट्टी ठेवा बाग उभी राहिल्यावर एखाद्या संशयित झाडासाठी, जेव्हा आजच्या आज उपटायचं की नाही ते ठरवायचं असतं.

प्रमाणपत्राचं असं आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची टिश्यू कल्चर रोपांसाठीची ही व्यवस्था २००६ पासून आहे आणि चांगली आहे. मातृवृक्ष तपासतात, खेप तपासतात. पण बाटलीतून निघाल्यावर रोप महिना-दीड महिना शेडनेटमध्ये राहतं. जाळी फाटकी असेल, दारात मिरची-टोमॅटोची रोपं असतील, तर मावा आत येतो. मावा या विषाणूला काही सेकंदांत उचलतो आणि काही सेकंदांत दुसऱ्या झाडात सोडतो, फवारलेलं औषध त्याला मारेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. म्हणून प्रमाणपत्रावरची खेप आणि तारीख तुमच्या रोपांशी जुळते का ते बघाच, पण शेडनेटलाही एक चक्कर मारा.

आणि भाऊ, तुमच्या शेजाऱ्याबद्दल. काकडीच्या कित्येक जाती या विषाणूला दाद देत नाहीत, त्यामुळे त्याचं पान वाकडं नव्हतं हे खरं असू शकतं. रोपवाटिकेवालाही खरं बोलत असेल. हा विषाणू हजाराहून अधिक जातींच्या वनस्पतींवर जगतो आणि त्यात आपला केना आहे. निळ्या फुलाचा, बांधावरचा. तो वर्षभर विषाणू सांभाळतो आणि त्याला कोणी विचारत नाही. बांधावरचा केना तपासलात का कधी?

वऱ्हाडी_कापूस

ताई, मी गपचूप वाचून राहिलो. एक विचारू? ती मेणबत्तीची काडी कापसाच्या पानाला चालते का?

शाईचा_डाग

चालावी. कापसात गॉसिपॉल आहे, तेही चिकासारखं आड येतं, म्हणून धुण्याच्या पाण्यात दोनदा बुडवा. आणि आधी निरोगी पानावर करून बघा, कापसाचं स्वतःचं जनुक येतं का ते.

तापीकाठ

आज रोपवाटिकेत फोन केला. शेडनेट बघायला या म्हणाले, गुरुवारी जातो. खेप क्रमांक मागितला तर जरा वेळ लावला, पण दिला. ठसे चालतात का तेही प्रयोगशाळेला विचारलं, कार्ड त्यांच्याकडचंच घ्या म्हणाले.

संध्याकाळी बांधावर फिरून आलो. शेजाऱ्याची बाजू खुरपून साफ आहे. केना आहे तो विहिरीच्या कडेला, ठिबकच्या ओलीवर, गुडघ्यापर्यंत. माझ्या बाजूला. त्याचेही दोन ठसे पाठवतो.